न रडता आलेला गाडा

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नगरला ऊन असं पडलं होतं की माळीवाड्यातल्या कुत्र्यांनी सावलीचे वाटे करून घेतले होते, आणि एकाच्या वाट्यात दुसरं पाऊल टाकत नव्हतं. खोटं वाटेल त्यानं त्या कुत्र्यांना विचारावं.

अशाच एका भर दुपारी राधाकृष्ण टोकेकरांच्या खोलीची कडी वाजली.

टोकेकर हे त्या काळी नगरातले एकुलते एक खासगी डिटेक्टिव्ह. दुसरा कुणी त्या धंद्यात पडला नाही, कारण पहिल्याचंच पोट भरताना दिसत नव्हतं. अंगानं काडी, चष्मा नाकावरून सदा घसरलेला. त्यांचा सोबती आसाराम हा एसटीतला माजी कंडक्टर. देवळाली प्रवऱ्याच्या पाटाच्या पाण्यावर वाढलेला, म्हणून उसासारखा उंच. डोकंही उसासारखंच, असं टोकेकर म्हणत: खूप चघळावं तेव्हा थोडा रस.

आसारामनं दार उघडलं. दारात तिशीची एक बाई, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, पायांना धुळीचे मोजे.

"डिटेक्टिव म्हनत्यात ते हितंच का?"

"हितंच. आधी बसा," म्हणून आसारामनं तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. पाणी दिल्याशिवाय आल्या माणसाला काय काम काढलंत असं विचारायचं नाही, एवढी रीत दुष्काळातही शिल्लक होती.

बाई तांब्या रिकामा करूनच बोलली. "मी बनुबाई. दिली बेलोऱ्याला, माहेर राखुंडेवाडी. मिरजगावाच्या अलीकडं. उद्या मंगळवारी माझ्या आईला गावाभाईर काढनार हायेत. गाड्याच्या दोरीनं हात बांधून, शिवेपल्याड."

"कसला गाडा?"

"मरीआईचा." बाईनं आवाज खाली आणला. "गावात पटकी शिरलीया. मानसं सकाळी उठत्यात आन दिवस मावळायला न्हाईत. मग रीतीपरमानं मरीआईला गाड्यात बसवली आन शेजारच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडली. आईसंगं रोगराई जाती, त्यांनी मग फुडच्या गावाला न्यायची. पर आई गेलीच न्हाई."

"म्हणजे?"

"गाडा परत येतोया. आपसूक."

आसारामच्या हातातला तांब्या खाली टेकताना वाजला.

"माझी आई गोजरबाई देवळातच राहती, पूजाअर्चा तिच्याकडं. म्हून समदे म्हनत्यात, म्हातारीनंच चेटूक केलं."

टोकेकरांनी चष्मा वर ढकलला. "आसाराम, पिशवी भर. आणि पाण्याची बाटली मोठी घे."

बाटली मोठीच घेतली होती. ती मिरजगावच्या एसटीतच संपली.

*

राखुंडेवाडीत ते पोचले तेव्हा सकाळ सरली होती, तरी एका घराचं दार उघडं नव्हतं. दारादारावर कडुलिंबाचे डहाळे खोचलेले, भिंतींवर चुन्याचे हात उमटवलेले. पाच बोटांचे पांढरे हात दोन्ही अंगांनी रस्त्याकडे बघत होते. कुठं कोंबडा नाही, पोराचं रडणं नाही. आसारामला वाटलं, आपण गावात आलो नाही, गावानं श्वास रोखून आपल्याला आत घेतलंय.

वेशीतल्या दगडावर एकटा माणूस बसला होता. मिशा पांढऱ्या, पटका सोडून मांडीवर ठेवलेला. सरपंच श्रीमंत पाटील. पटकीनं त्यांची थोरली सून गेली होती. तेव्हापासून त्यांनी पटका बांधला नव्हता.

टोकेकरांनी कामाचं सांगितलं. पाटील म्हणाले, "शोधायचं काय त्यात? मंगळवार आजच हाय. दिवस कलला की म्हातारी जाईल. तुमी बघा आन जावा."

"गाडा परत आला म्हणजे कसा, तेवढं सांगा."

पाटलांनी वेशीकडे बोट केलं. "पयल्या डावाला बेलोऱ्याच्या शिवेवर सोडून आलो. उगवतीच्या वक्ताला निम्म्या गावानं चाक रडताना ऐकलं. बाई रडावी तसं. दार कोन उघडतंय? उन्हं आल्यावर बघितलं, तर गाडा हितं, देवळाम्होरं. मग पुन्यांदा सोडला. त्या डावाला आवाज न्हाई का काय न्हाई. आन गाडा कुठं? हिरीच्या काठावर. आईचं तोंड हिरीकडं. तिसऱ्या डावाला पुन्हा तिथंच. फुफाट्यात चाकाची रेघ न्हाई, मानसाचं पाऊल न्हाई. नुसती ओल."

"कुठली विहीर?"

"गावची. कोरडीठाक पडलीती. मग भिमाजीशेठ उभं राहिलं. तेलाच्या गिरनीचा टँकर धुऊन घेतला, रोज सकाळी आपल्या मळ्यातलं पानी आनून आमच्या हिरीत वततात. फुकट! असा दाता व्हायचा न्हाई."

"सरकारी डॉक्टर आले नव्हते का? पावडर टाकायला?"

"आलते डबा घिऊन. शेठ समद्या गावाम्होरं म्हनले, माझं पानी धर्माचं हाय, त्यात चुना कालवू देनार न्हाई. डॉक्टर गेले आल्या पावली."

"आणि आता? गावकरी विहिरीचं पाणी पितात?"

"आई काठावर येऊन बसल्यावर कोन पितंय? बाया कोसभर लांबून सरकारी हिरीचं आनत्यात. पावडरीचा वास मारतं, पर काय करनार."

"मग पटकी?"

हा प्रश्न पाटलांना आजवर कुणी विचारला नसावा. "कमी झाली. आईचा राग निवला आसंल जरा."

विहीर पाहण्याजोगी होती. म्हणजे, न पाहिली तर झोप बरी लागेल अशी. काठावर तो गाडा: बोकडाएवढा उंच, काळ्या लाकडाचा, आत शेंदरानं माखलेली देवी. तिचे चांदीचे डोळे सरळ विहिरीच्या पोटात लागले होते. पायाशी तीन लिंबं. पिवळीधमक, रसानं फुगलेली.

टोकेकरांनी गाडा बोटभर पुढं ढकलला.

चाक किंचाळलं. बाईचाच आवाज, हुंदका अर्ध्यावर तुटावा तसा. आसारामच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि बराच वेळ बसले नाहीत.

"आण्णा, परत ढकलू नका."

"नाही ढकलत. हा गाडा न रडता एक पाऊलही जात नाही, एवढंच बघायचं होतं." त्यांनी एक लिंबू उचलून हुंगलं. "या दुष्काळात असं लिंबू, आसाराम?"

"आईला वाहिलेलं हाय, खाली ठेवा," आसाराम म्हणाला.

*

गोजरबाई देवळाच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. तोंडात दात नव्हता, त्यामुळे हसू मोकळं होतं. पाहुणे दिसताच तिनं आतून तांब्या आणला. पाण्याला धुराचा वास होता.

"उकळलंय व्हय. बनु सांगून गेली, उकळून पी म्हून. घ्या."

आसारामनं तांब्या दोनदा तोंडाला लावला.

"आजी, गाडा तुम्ही आणलात का?" टोकेकरांनी सरळ विचारलं.

"आईला कोन आनतं, बाबा? आई येती."

"लोक म्हणतात तुम्ही आणला."

"म्हनू द्या की. म्हनायला पैसं पडत न्हाईत."

तांब्या परत देताना टोकेकरांची नजर तिच्या तळहातांवर पडली. फोड येऊन सुकलेले, कातडी सोललेली.

"हे कशानं?"

"खडी फोडाय जाती की. दुस्काळी कामावर." म्हातारीनं हात पदराखाली घेतले.

बाहेर आल्यावर आसाराम म्हणाला, "आण्णा, म्हातारी भली हाय. तिनं नाही केलं."

"तिनं नाही म्हटलं का तसं?"

आसाराम आठवू लागला. आठवण्यात अर्धा रस्ता संपला.

*

बेलोऱ्याच्या वाटेवर, गावच्या उगवतीला, दगडाची खाण होती. तिथंच सरकारनं खडीचं काम काढलेलं. खाणीच्या पोटात हिरवट पाण्याचं तळं, आणि काठावर मजुरांची पालं. खाणीअलीकडे लंकाबाईचं चहाचं हॉटेल. चार बांबू आणि एक तरट. बाई जाडजूड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं आधी पाण्याचे पेले आपटले, मग चहाचे.

"पैसे?" आसारामनं खिशात हात घातला.

"च्या फुकट हाय. खडीवरच्या मानसांना आन पावन्यांना."

"तुम्हीही धर्म करता म्हणायचं," टोकेकर म्हणाले.

"धर्म कसला, करम! फुकट च्या बघून मानूस बसतं, आन बसलं की भजी मागतं. भजी इकतची हायेत." ती खदखदून हसली. "शेठचं नाव टँकरवर लिवलंय. माझं लिवाय पाटीच न्हाई."

"विहिरीवर देवी बसल्यापासून चहा जास्त खपत असेल."

"खपतोय की. म्हून का मी आई उचलून आनली? मला हितलं आधण उतरवाय सवड न्हाई."

"पाणी कुठलं?"

"आधी हिरीचं हुतं, आता सरकारीचं. कुठलं बी आसू द्या, माझ्या चुलीवर घटकाभर खदखदल्याबिगर पेल्यात येत न्हाई. पेल्यातलं सुदिक त्येच, निवलेलं."

"तुमच्या गिऱ्हाइकांत पटकी कुणाला?"

लंकाबाईनं भजं तेलात सोडलं. "जे नुसताच च्या प्याले त्यांच्यात कुनाला न्हाई बघा. नशीब."

"इथं तर सगळं गाव खडीवर येत असेल."

"समदा गाव. येक गोजर म्हातारी सोडून. मुकादम म्हनतो, ही दगडावर पडली तर दगुड फुटंल, म्हातारी न्हाई फुटायची. पर कामाला घेत न्हाई. वय झालं तिचं."

आसाराम भज्यात गुंतला होता. टोकेकर मात्र खाणीतल्या हिरव्या पाण्याकडे बघत बसले होते. काठावरच्या चिखलात रुंद टायरांचे ठसे होते. ट्रक खडी न्यायला येतातच, असं आसारामला वाटलं, आणि ते चुकीचंही नव्हतं.

*

टँकर गावाबाहेर बाभळीखाली उभा होता. टाकीवर ठळक निळ्या अक्षरांत: 'भिमाजीशेठ ऑईल मिल. धर्मार्थ जल.' नळीतून थेंब थेंब गळत होतं. ड्रायव्हर छगन पायरीवर बसला होता. डोळे सुजलेले, बिडी न पेटवता ओठात धरलेली.

"गाडा पहिल्यांदा विहिरीवर तुलाच दिसला म्हणे?"

"व्हय साहेब. दोन्ही डावाला." तो उठून उभा राहिला. "आदीच येऊन बसलीती आई. मी तर टँकर घिऊन येत हुतो. दिवस नुकता उगवलेला, पाठीशी. टँकरची सावली लांबच्या लांब म्होरं पडलीती. त्या सावलीच्या टोकाला दोन डोळं चमकलं. माझ्या हाताचं स्टेरिंग सुटलं, आईशप्पत."

आसारामच्या अंगावर काटा आला. टोकेकरांनी फक्त विचारलं, "शेठची वस्ती कुठं रे?"

"मावळतीला. ती काय, चिंचा दिसतात तिथं."

"भिऊ नकोस. चाललोय तिकडंच."

*

भिमाजीशेठची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. एकेकाळी हिरवागार असलेल्या मळ्यात लिंबोणीची झाडं वाळून काटे झाली होती. फक्त घराच्या मागल्या दाराशी, न्हाणीचं सांडपाणी जातं तिथं, एक झाड जिवंत होतं.

शेठ उठून सामोरे आले. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात तुळशीची माळ, बोलण्यात दूधसाखर. भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण काच लावून टांगलेलं.

"या या! अगं ये, पानी आना पावन्यांना!"

आतून बांगड्या वाजल्या. शेठ सांगू लागले. "मानसानं मेल्यावर काय न्यायचं? तहानलेल्याच्या तोंडात घोट पडावा, येवढंच. फुडल्या महिन्यात जिल्ह्याचे साहेब सत्कार करनार हायेत. मी न्हाई म्हनलं, गाव ऐकंना. आन अशात ह्या म्हातारीनं माझ्या धर्माच्या पान्यावर भूत बसवलं! रोज वततो, रोज पानी तसंच पडून."

"तरी ओतताच आहात?"

"न वतून कसं चालंल? लोक म्हनतील, शेठ थकला."

शेठची बायको, कडूबाई, बाहेर आली. हातात ताट, ताटात चहाच्या कपबश्या.

शेठच्या कपाळाला आठी पडली. "पानी सांगितलं हुतं."

"च्या घ्या भावजी," कडूबाई आसारामकडे बघत म्हणाली. "उन्हातनं आलाव. च्याच बरा."

आसारामनं चहा घेतला, पण चहानं तहान जाते थोडीच? शेठ आणि आण्णा बोलताहेत असं बघून तो हळूच मागं गेला. ज्याच्या पाण्यावर गाव जगतं त्याच्या विहिरीवर ओंजळभर मिळेल, म्हणून पाणी उपसायच्या इंजिनाच्या खोपीत डोकावला. तिथं इंजिनावरच, पट्ट्याजवळ पाटी होती, आणि पाटीत अंड्यांवर बसलेली एक काळी कोंबडी. तिनं आसारामच्या अंगठ्याचा असा लचका तोडला की तो तहान विसरून परत आला.

वाटेत त्यानं कुरकुर केली. "आण्णा, मोठी माणसं सगळी सारखीच. साऱ्या गावाला पाणी पाजतो, आणि पाहुण्याला तांब्या नाही. वर त्याची कोंबडी चावते."

"कोंबडी?"

"इंजिनावर खुडुक बसलीय. पट्ट्याला जाळीसुद्धा धरलीय कोळ्यानं."

टोकेकर रस्त्यात थांबले. त्यांनी आसारामचा अंगठा हातात घेऊन असा निरखला, जसा सोनार दागिना बघतो.

"आसाराम, आज तू फार मोलाचं रक्त सांडलंस."

*

दिवस कलला. सगळं गाव विहिरीभोवती उभं होतं. गोजरबाईच्या मनगटाला गाड्यापासून सोडलेली दोरी बांधलेली. बनुबाई आईच्या पाठीशी, तोंडात पदराचा बोळा. देवीचे डोळे तांबड्या उन्हात पेटले होते. कुणाला वाटावं, ती आता पापणी लववेल.

पाटलांनी हात वर केला. "चला."

"पाटील, एक मिनिट," टोकेकर पुढं झाले. "म्हातारीला काढा, मी आडवा येत नाही. पण सकाळपासून मी तुमच्या गावचा पाहुणा, आणि या नावाजलेल्या धर्माच्या पाण्याचा एक घोट मला मिळाला नाही. आसाराम, काढ."

आसारामनं पोहरा सोडला. गर्दी मागं सरली. टोकेकरांनी तांब्या भरला, ओठांपर्यंत नेला, आणि थांबून भिमाजीशेठपुढं धरला.

"छे, माझं चुकलं. आधी दात्यानं घ्यावं."

"माझंच पानी हाय. भ्यायचं काय त्यात?" शेठ हसले. तांब्या हातात घेतला. वर उचलला.

ओठ उघडले नाहीत.

सगळं गाव त्या ओठांकडे बघत होतं. शेठच्या मिशीवर घाम आला. मग त्यांनी डोळे मिटले आणि तांब्या कलता केला.

"पिऊ नका!"

कडूबाई बायकांतून धावत आली. तिनं हाताचा फटका मारला, तांब्या दगडावर ठणठणत गेला. "पिऊ नका हो! खाणीचं हाय त्ये!"

पाणी मातीत जिरलं. तेवढ्या वेळात कुणी श्वास घेतला असेल तर तो देवीनंच.

"ऐका," टोकेकर म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत तो विहिरीतूनही परत आला. "शेठच्या इंजिनावर कोंबडी अंडी उबवतेय, पट्ट्याला कोळिष्टकं लागलीयत. धडधडत्या इंजिनावर कोंबडी बसत नाही. म्हणजे शेठची विहीर आटून बरेच दिवस झाले. मग टँकर रोज भरतो कुठं?

"ते छगननं सांगितलं, न सांगता. म्हणाला, सकाळी येताना दिवस पाठीशी होता, सावली पुढं पडली होती. शेठची वस्ती मावळतीला. तिकडून येणाऱ्याच्या तोंडावर ऊन येईल. पाठीशी दिवस घेऊन येणारा माणूस उगवतीकडून येतो. उगवतीला काय आहे? खाण. तिच्या काठावर पालं, पालांतली घाण पाण्यात. अंधारात, पालं जागी व्हायच्या आत टँकर भरायचा, आणि पटकी त्यात बसून गावात यायची. पावडर पडली असती तर टळलं असतं. पण शेठनं ती चारचौघांत हाकलून लावली होती."

पाटलांचा हात काठीवर आवळला. "आन गाडा?"

"खाणीच्या वाटेवरच बेलोऱ्याची शीव. टँकर भरून येताना गाडा वर चढवायचा, विहिरीपाशी उतरवायचा. चाक जमिनीला लागलंच नाही, तर रडेल कसं? गळक्या नळीनं फुफाटा ओला झाला, पावलं पुसली. राहिली ती नुसती ओल, पाटील, तुम्हीच म्हणालात."

छगननं हात जोडले. "मी आनला. वैनींनी सांगितलं म्हून."

"कडूबाईंनीच," टोकेकर म्हणाले. "देवीपुढची लिंबं ज्या झाडाची, ते गावात एकच, त्यांच्या न्हाणीवरचं. देवीला रिकाम्या हातानं राबवून घ्यायला त्यांचं मन धजलं नाही. आणि पाहुण्याला पाणी सांगितलं तर त्यांनी चहा आणला. ज्या घरात बाई पाहुण्याला पाणी देत नाही, त्या घरातल्या बाईला पाण्याचं काहीतरी ठाऊक असतं. चहा निदान उकळलेला."

कडूबाई रडत नव्हती. "मी ह्यांना सांगितलं, पान्यात मरन हाय. ह्ये म्हनले, पान्यात काय न्हाई, देवीचा कोप हाय. माझं कोन ऐकतं? मग म्या म्हनलं, देवीलाच सांगू द्या."

"पयलं माझ्याच हिरीचं दिलं हुतं," शेठ कुणाकडेही न बघता म्हणाले. "गोड पानी हुतं. तुमी हार घातले. हिर आटली तवा वाटलं, आठ दिस भागवू खाणीचं, तवर पाऊस येईल. टँकर थांबला असता तर... नाव..."

पाटील त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. काठी उचलतील असं वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "माझी सून तुमचं नाव घिऊन पानी प्याली हुती, शेठ. ठाऊक हाय?"

शेठ खाली बसले. नंतर पोलीस आले, तालुक्याचे साहेब आले, जे व्हायचं ते झालं. पण राखुंडेवाडीत विचाराल तर शेठला शिक्षा झाली ती त्या एका वाक्याची.

कडूबाई देवीच्या पायाशी गेली. ओंजळभर शेंदूर घेतला आणि टँकरवर, नवऱ्याच्या नावावर, दोन्ही हातांनी फासला. मग छगनला म्हणाली, "आता जा सरकारी हिरीवर. पावडरीचं घिऊन ये. आन कुनी इचारलं कुनाचं पानी, तर सांग, पान्याचं."

"पण आण्णा," आसाराम अचानक मोठ्यानं म्हणाला, "पहिल्या वेळी तर चाक र..."

टोकेकरांची टाच त्याच्या पायावर पडली. कोंबडीनं चावलेला अंगठा हाताचा होता, त्यामुळे आता दोन्हीकडे समान झालं.

*

गोजरबाईच्या मनगटाची दोरी सोडली गेली होती. देवळाच्या ओट्यावर तिनं पुन्हा तांब्या आणला.

"आजी," टोकेकर हलकेच म्हणाले, "खडीवर तुम्हाला मुकादम घेत नाही."

म्हातारी हसायची थांबली.

"पहिल्या वेळी गाडा रडत आला, आणि विहिरीवर नाही, देवळापुढं आला. त्याला ओढणारं माणूस त्याला घरी आणत होतं. कडूबाईंना युक्ती सुचली ती त्यानंतर. मी लोकांशी खोटं काही बोललो नाही. न रडता आलेला गाडा कुणी आणला, ते सांगितलं. रडत आलेल्याचं मला कुणी विचारलं नाही."

बनुबाईनं आईकडे बघितलं. "आये?"

गोजरबाईनं दोन्ही तळहात उघडे केले. "तुझ्या गावच्या शिवेवर सोडलीती आईला. तुझी पोरं त्या वाटंनं खेळत्यात. रातभर डोळा लागंना." मग ती म्हणाली, "आन तू नसतीस तिथं दिलेली, तरी बी... आपल्या दारातली पटकी उचलायची आन दुसऱ्याच्या दारात न्हिऊन ठेवायची, ह्यो कसला गं रिवाज? त्यांना इचारलं का आपुन, घेता का म्हून? मी आईला म्हनलं, चल बाई घरी. काय करायचं त्ये हितंच कर."

"मग काढत हुते तवा बोलली का न्हाईस?"

"बोलले आसते तर गाडा चौथ्यांदा सोडला आसता त्यांनी. मी गेले आसते तर नुसती येक म्हातारी गेली आसती, गाडा हितंच राहिला आसता."

बनुबाईनं आईचे हात पदरात घेतले आणि तिथंच बसून राहिली.

आसारामनं तांब्या उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

दोघं वेशीबाहेर पडले तेव्हा उजेड जायला लागला होता, गाव घरोघरी परतून कड्या लावून बसलं होतं. भिंतींवरचे पांढरे हात अंधुक झाले होते. तेवढ्यात मागून आवाज आला. लांब, चिरका, हुंदक्यासारखा.

आसाराम जागच्या जागी थिजला. "आण्णा. चाक."

"मग वळून बघ की."

त्यानं एक डोळा मिटून वळून बघितलं. श्रीमंत पाटील खांद्यावर दोरी टाकून गाडा ओढत होते. मागून कडूबाई ढकलत होती. गाडा विहिरीवरून देवळाकडे, घरी चालला होता. चाक गल्लीगल्लीत रडत होतं, आणि ते जसजसं पुढं जाई तसतशी मागं एकेक कडी निघत होती, एकेक दार उघडत होतं.